काळ्या पाषाणाची साक्ष
(द्वितीय वर्ष कला)

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. दगडाचे मूळ शोधू नये, असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. दगडाला काही मूळ असेल, असे बहुधा कोणाला वाटलेच नसावे. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तर दगडाला तोटा नाही. अकोल्याच्या डोंगररांगांपासून निघोजला कुकडीच्या पात्रात पडलेल्या रांजणखळग्यांपर्यंत जिकडे पाहावे तिकडे काळा पाषाण. घराचे जोते त्याचे, जाते त्याचे, पाटा-वरवंटा त्याचा, देवळाची पायरी त्याची आणि शेंदूर फासला की बांधावरचा म्हसोबाही त्याचाच. इतका सलगीचा असूनही त्याला मान नाही. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही आणि शिरले तरी राहत नाही, त्या मुलाला शाळेत गुरुजी ‘दगड’ म्हणत. मीही हा शब्द अनेकदा ऐकला आहे. पण गेल्या वर्षभरात मला जे समजले ते असे, की ज्याला आपण मठ्ठपणाचे प्रतीक मानतो, त्या दगडाइतकी स्मरणशक्ती क्वचितच कोणाला असेल. एकदा शिकलेला धडा तो सहा कोटी साठ लाख वर्षे विसरलेला नाही!

मित्रहो, ‘बी. ए.च्या मुलीला लोहचुंबकाशी आणि गुरुत्वाकर्षणाशी काय करायचे आहे?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो मला आमच्या वर्गातल्या मैत्रिणींनीही विचारला आणि घरी आमच्या आबांनी तर फार निराळ्या रीतीने विचारला. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात झाली ती भूगोल विभागाच्या अभ्यास-सहलीत. आम्ही बारी गावातून कळसूबाई चढलो. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात! वर पोचल्यावर सर्वांचे लक्ष देवीच्या दर्शनाकडे, डब्याकडे आणि फोटोंकडे. सरांनी मात्र पिशवीतून होकायंत्र काढले आणि ते एका उघड्या खडकावर ठेवायला सांगितले. सुई एका बाजूला झुकली. तेच होकायंत्र दोन हात पलीकडे सरकवले, तर ती दुसरीकडेच वळली. ‘सर, लोखंडी शिड्यांमुळे असेल,’ एक जण म्हणाला. सर आम्हांला शिड्यांपासून चांगले लांब घेऊन गेले. तेथेही तोच प्रकार. होकायंत्र हातात उंच धरले की सुई शहाण्यासारखी उत्तर दाखवायची आणि खडकावर टेकवले की बहकायची.

सर म्हणाले, ‘या खडकात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण आहेत. खडक स्वतःच एक दुबळा लोहचुंबक आहे. त्यातून शिखरावर विजा पडतात. विजेचा प्रचंड प्रवाह ज्या खडकातून जातो तेथील चुंबकत्व पार बदलून टाकतो. म्हणून संशोधक नमुने घेताना वीज पडलेला खडक टाळतात.’

‘कसले नमुने?’ असे कोणीतरी विचारले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही डबे तसेच ठेवून ऐकत बसलो. उरलेले मी नंतर ग्रंथालयातून आणि सरांकडून मिळवले.

आपल्या पायाखालचा हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून त्यांतून तो उसळला आणि थरावर थर साचत गेला. आज उरलेला त्याचा विस्तारच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. भूवैज्ञानिकांनी या थरांचे गट पाडून त्यांना नावे दिली, तेव्हा सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला ‘कळसूबाई उपगट’ असे नाव मिळाले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर असे त्याचे भाग आहेत. शिखर सर्वांत उंच आणि नाव मात्र सर्वांत खालच्या थरांना, ही गंमतच आहे!

लाव्हा बाहेर आला तेव्हा त्याचे तापमान हजार अंशांहून अधिक होते. इतक्या उष्णतेत लोहखनिजाला चुंबकत्व नसते. तो निवत निवत ५८० अंशांच्या खाली येऊ लागला, की मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात. खडक पूर्ण थंड झाला की ती दिशा त्यात कायमची कोंडली जाते. हळद लागलेल्या कापडाचा डाग निघत नाही, तसेच म्हणा ना! पुढे खडक कोठेही गेला, कसाही वळला, तरी जन्मवेळेची दिशा तो पोटात घेऊनच जातो.

१९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील नोबेल पारितोषिक विजेते ब्लॅकेट यांच्या गटाने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी दख्खनच्या खडकांतील ही दिशा मोजायला घेतली. मुंबईच्या या कामात पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे हे मराठी नाव दिसले तेव्हा मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखे वाटले. १९५९ साली डॉयच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या खडकांच्या पुराचुंबकत्वावरील प्रबंध प्रसिद्ध झाला.

या मोजमापांतून दोन आश्चर्ये बाहेर आली. पहिले असे, की खालच्या बहुतेक थरांतील चुंबकत्व उलटे आहे. म्हणजे ते थर निवत होते त्या काळी जर कोणी होकायंत्र घेऊन उभा असता, तर त्याच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते! महाबळेश्वरकडील वरचे थर मात्र आजच्यासारखे सुलटे आहेत. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात, याचा हा पुरावा. अशी शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे सात लाख ऐंशी हजार वर्षांपूर्वी झाली.

दुसरे आश्चर्य याहून मोठे. चुंबकसुई मोकळी टांगली तर ती नुसती उत्तर दाखवत नाही, जमिनीकडे कलतेही. विषुववृत्ताजवळ हा कल शून्य आणि ध्रुवाकडे जावे तसा वाढत जातो. म्हणजे खडकातील कल मोजला, की तो खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळते. दख्खनच्या खडकांनी दिलेले उत्तर होते विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे तीस अंश. आज आपण एकोणीस अंश उत्तरेला आहोत. याचा अर्थ, आपला जिल्हा, त्याचे डोंगर आणि हा सगळा देशच पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून येथे आला! हिशेब केला तर वर्षाला सरासरी आठ सेंटीमीटर. आपले नख वाढते, त्याच्या साधारण दुप्पट वेग. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंडे सरकतात असे १९१२ साली सांगितले, तेव्हा पुष्कळांनी त्याची टर उडवली. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. त्याच्या बाजूने पुढे ज्या साक्षी उभ्या राहिल्या, त्यांत आपला काळा पाषाणही होता.

हे सारे मी घरी सांगितले, तेव्हा आजी म्हणाली, ‘बहात्तरच्या दुष्काळात मी हाच दगुड फोडला. खडी केली, सुकडी खाल्ली. त्यानं मला तर काही सांगितलं नाही.’ आबा हसले. आबा विहिरीच्या कामावर जातात. पहार, घण आणि सुतकी ही त्यांची हत्यारे. मी शाळेत असताना त्यांच्या पहारेच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला पाहत असे. ‘लई वर्सं दगडात मार खाल्ला, की पहारंला ओढ येती,’ असे ते सांगत. मला ती एक बोलण्याची पद्धत वाटे. परंतु ही ओढ खरीच आहे. लोखंडाच्या कांबीवर घणाचे घाव बसतात तेव्हा तिच्यातील सूक्ष्म चुंबक हादरतात आणि पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने थोडे थोडे जुळून येतात. इंग्लंडचा विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली लिहिलेल्या ग्रंथात उत्तर-दक्षिण ठेवून ठोकलेले लोखंड चुंबक होते, हे नोंदवले आहे. मी जत्रेत घेतलेले होकायंत्र पहारेजवळ नेऊन पाहिले. दगडात जाणाऱ्या टोकाने सुईचे दक्षिण टोक ओढले. उत्तर गोलार्धात उभ्या पहारेच्या खालच्या टोकाने असेच वागायला हवे! गिल्बर्टने पुस्तकात लिहिले ते आबांनी विहिरीत पाहिले होते. दोघांत फरक इतकाच, की एकाच्या हातात लेखणी होती.

लेखणीचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून मुंबईच्या कुलाब्याची हकीकत सांगते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे खगोल-निरीक्षणासाठी आणि वेळ राखण्यासाठी वेधशाळा उभारली. १८४१पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे सुरू झाली. हे क्षेत्र स्थिर नसते. दिवसाच्या तासागणिक ते किंचित बदलते, वर्षांगणिक हळूहळू सरकते, आणि सूर्यावर खळबळ झाली की एकदम उसळते. हे बदल टिपायचे तर कोणीतरी रोज, ठरल्या वेळी, डोळ्यांनी सुई पाहून आकडा लिहिला पाहिजे. पावसाळा असो, सण असो, साथ असो, आकडा चुकता कामा नये. असे आकडे लिहिणाऱ्या साहाय्यकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत.

२ सप्टेंबर १८५९ रोजी त्या आकड्यांत विलक्षण काही घडले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोल-निरीक्षकाने सूर्यबिंबावर एक तेजस्वी स्फोट पाहिला होता. सतराएक तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. कुलाब्याला क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आले. आपल्या भागात हे बल सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही घसरण किती मोठी होती ते कळेल. आकडा लिहिला गेला, वही मिटली गेली. पुढे १४४ वर्षांनी, २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच जुन्या नोंदी उघडल्या आणि त्या महावादळाचा जोर त्यांवरून काढला. १८५९ साली वीज घराघरांत नव्हती. आज आहे. १३ मार्च १९८९च्या, त्याहून लहान अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात बसले होते. मे २०२४च्या वादळात तर लडाखच्या हानले येथील आकाश लाल झाले होते. असे पुढचे वादळ किती मोठे येऊ शकेल, याचा अंदाज बांधताना जगातील शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या नोंदीकडे पाहतात.

मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले, तेव्हा वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. विजेच्या प्रवाहाने सुई बहकणार! त्या वेळी संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली गेली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांना नीट जोडता यावेत. अलिबागची इमारत बांधताना लोखंडाचा खिळासुद्धा वापरला नाही, तांबे-पितळ वापरले. आणि दगड? सभोवती आपला काळा पाषाण हवा तितका असताना दगड आणला थेट पोरबंदरहून! कारण आपल्या पाषाणात चुंबकत्व. सहा कोटी वर्षांची आठवण बाळगणारा साक्षीदार त्या शांत खोलीत चालण्यासारखा नव्हता. अलिबागची नोंद आजही चालू आहे. १९७१ साली स्वायत्त झालेली आणि आता नवीन पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते. १८४१पासून आजपर्यंत इतकी लांब साखळी जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

आता गुरुत्वाकर्षणाकडे वळू. चुंबकत्वापेक्षा हे बल आपल्या अधिक ओळखीचे, कारण मार्केट यार्डात त्याच्यावरच सगळा व्यवहार चालतो! पण त्याचेही प्रमाण सगळीकडे सारखे नसते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते; त्यामुळे विषुववृत्तावर वजन कमी भरते, ध्रुवावर जास्त. एक क्विंटल कांदा विषुववृत्तावर स्प्रिंगच्या काट्यावर मोजला आणि तोच ध्रुवावर नेऊन मोजला, तर सुमारे अर्धा किलो जास्त भरेल. समजा तो आपल्या गावातून हजारभर मीटर उंच डोंगरावर नेला, तर वीसेक ग्रॅम कमी. अर्थात दोन पारड्यांच्या तराजूत फरक दिसणार नाही, कारण मापेही तितकीच हलकी होतात. म्हणून व्यापाऱ्यांनी घाबरू नये आणि शेतकऱ्यांनी आशा धरू नये!

हा सूक्ष्म फरक मोजण्याचे पहिले साधन होते घड्याळाचा लंबक. १६७२ साली रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेत काएन येथे गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारे त्याचे घड्याळ तेथे रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटनने पुढे त्याचे कारण सांगितले.

या शास्त्रातला एक मोठा सिद्धांत तर आपल्या देशाच्या मोजणीतून जन्मला. जॉर्ज एव्हरेस्ट याच्या काळात मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेतील कल्याणा या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढले गेले. एकदा जमिनीवर त्रिकोण मांडून, एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक आला. जमिनीवर तो दीडशे मीटरांच्या आसपास होतो. सहाशे किलोमीटरांत दीडशे मीटर म्हणजे काय मोठे, असे आपण म्हणू; पण त्या लोकांनी तसे म्हटले नाही. कोलकात्यात प्रॅट नावाचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधील अधिकारी होते. त्यांना गणित येत होते. त्यांनी विचार केला, की हिमालय एवढा प्रचंड, तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. १८५५ साली त्यांनी हिशेब केला, तर उत्तर आले १५.८८५ विकला. म्हणजे हिमालयाने जितके ओढायला हवे होते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच तो ओढत होता! त्याच वर्षी इंग्लंडच्या एअरी याने स्पष्टीकरण दिले, की पर्वत जमिनीवर ठेवलेले ओझे नव्हेत. पाण्यावर लाकूड तरंगते तसे ते खालच्या जड थरावर तरंगतात आणि त्यांची हलक्या खडकाची मुळे खोलवर गेलेली असतात. प्रॅट यांनी १८५९ साली थोडे वेगळे स्पष्टीकरण मांडले. पुढे कॅप्टन बेसेव्ही हा अधिकारी लंबक घेऊन देशभर फिरला आणि लडाखच्या मोरे पठारावर, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्याने मोजमापे घेतली. तेथे गुरुत्व खरोखरच अपेक्षेहून कमी निघाले. त्याच मोहिमेत, १८७१ साली, तो तेथे मरण पावला.

चर्चमधला माणूस ओळंब्याचा विचार करतो, तेव्हा त्याला कोणी ‘तुमची शाखा कोणती?’ असे विचारले नसावे!

आता आबांच्या प्रश्नाकडे येते. आमचे गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात. तीन वर्षांपूर्वी आबांनी आमच्या शेतात विहीर घेतली. आयुष्यभर लोकांच्या विहिरी खोदलेल्या माणसाची स्वतःची पहिली विहीर. जागा पानाड्याने दाखवली. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, दक्षिणा दिली, कर्ज काढले, यारी लावली, सुरुंग उडवले. मुरूम गेला, कच्चा खडक गेला, काळा पाषाण लागला, आठ परस झाले, आणि विहीर कोरडी. कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. यंदा दिवाळीनंतर बोअर घ्यावे का, असा विषय घरात निघाला. त्यासाठी पुन्हा कर्ज. तेव्हा आबा मला म्हणाले, ‘काय गं, एवढं शिकतीस, तर त्या तुझ्या दगडाच्या पुस्तकात पाणी कुठं लागंल ते लिव्हलंय का?’ बोलण्यात टोमणा नव्हता. घरातले शिकलेले माणूस म्हणून त्यांनी ते मला विचारले होते. आमच्या घरात असा प्रश्न विचारण्याजोगे माणूस याआधी नव्हतेच.

मी उत्तर शोधू लागले. चुंबकत्व किंवा गुरुत्व यांपैकी काहीही थेट पाणी दाखवत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. पण खडकाची रचना ते दाखवतात, आणि पाषाणाच्या मुलखात पाणी रचनेवरच अवलंबून असते. घट्ट पाषाणात पाणी नसते. ते भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन लाव्हाथरांमधील जागेत असते. आमच्या संगमनेर परिसराची आणखी एक खासियत आहे. येथे लाव्हाच्या थरांना उभे छेदून गेलेल्या भिंती आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. जमिनीच्या भेगेत लाव्हा शिरून तेथेच थिजला, की अशी भिंत तयार होते. संगमनेरच्या या डाइकांवर २००६ साली बोंद्रे, हार्ट आणि शेठ या संशोधकांनी शोधनिबंध लिहिला आहे. चुंबकमापक घेऊन शेतातून सरळ चालत गेले, की डाइकवर आकडा एकदम चढतो किंवा उतरतो. माती खाली झाकलेली भिंतही अशी सापडते. आणि ही भिंत भूजलाला बांधासारखी आडवी येऊ शकते. मग तिच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालचा अंग कोरडा राहतो. भिंत भेगाळलेली असेल, तर मात्र पाणी तिच्यातूनच वाहते.

हे वाचताना मला आमच्या शिवारातील काळ्या दगडांची सरळ रेघेत गेलेली टेकाडी आठवली. पांडवांनी एका रात्रीत भिंत बांधायला घेतली, कोंबडा आरवला आणि काम राहून गेले, अशी आजीची गोष्ट आहे. त्या टेकाडीच्या वरच्या बाजूच्या विहिरींना होळीपर्यंत पाणी असते. खालच्या बाजूच्या संक्रांतीलाच तळ गाठतात. आमची विहीर खालच्या बाजूला आहे. हा डाइकच आहे, असे मी ठामपणे म्हणत नाही. ते तज्ज्ञाने येऊन पाहावे लागेल. पण विचारायचा प्रश्न कोणता, हे तरी आता मला कळले आहे.

वर आकाशातही याच प्रश्नाचे उत्तर कोणी शोधत असते. २००२ साली ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह सोडण्यात आले. ते सुमारे दोनशेवीस किलोमीटर अंतर ठेवून एकामागे एक फिरत. खाली वस्तुमान जास्त असेल तेथे पुढचा आधी ओढला जाई आणि दोघांतील अंतर केसाच्या जाडीहूनही कमी इतके बदले. तो बदल मोजून पृथ्वीचे गुरुत्व कोठे किती आणि दरमहा त्यात काय फरक पडला, हे काढले जाई. ते २०१७ पर्यंत चालले आणि २०१८ साली त्यांच्या जागी नवी जोडी गेली. या मोजमापांवरून असे निघाले, की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या भागांतून २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले. आपल्या भंडारदरा धरणात अकरा टीएमसी पाणी मावते. म्हणजे साडेतीनशे भंडारदरे जमिनीखालून उपसले गेले, आणि जमीन तेवढी हलकी झाली म्हणून ते आकाशात कळले! उपग्रहाला आमची एक विहीर दिसत नाही. त्याला शेकडो किलोमीटरचा मुलूख एकदम दिसतो. परंतु प्रत्येकाने ‘माझ्या एका बोअरने काय होते’ असे म्हणून उपसा केला, तर त्याची बेरीज कोठेतरी नोंदली जाते, हे मला त्यातून उमगले.

आबांना मी हे सर्व माझ्या परीने सांगितले. पाणी अमुक ठिकाणी लागेल, असे मला सांगता आले नाही. पण एक मागणे मागितले. बोअर एक वर्ष थांबवावे. तोवर टेकाडीच्या दोन्ही अंगांच्या मिळून अकरा विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजायची, वहीत लिहायची आणि ती वही घेऊन भूजल सर्वेक्षण खात्याच्या कार्यालयात जायचे. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसापेक्षा वही घेऊन गेलेल्याचे बोलणे अधिक नीट ऐकले जाईल, अशी माझी समजूत आहे. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दोरीला परसाच्या गाठी मी मारून देतो. मीटर-बिटर तू बघ.’

मोजणी आम्ही आळीपाळीने करतो. मी कॉलेजला असले की आबा करतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून ते दोरीला चिंधी बांधून ठेवतात आणि मी शनिवारी घरी गेले की तेवढे माप घेऊन वहीत चढवते. कुलाब्याच्या नोंदींशी आमच्या वहीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण नोंद तुटू द्यायची नाही, हा त्यांचा नियम आम्ही उचलला आहे. आपल्या कॉलेजात पठारावरून, अकोल्यातून, पारनेरहून आलेले कितीतरी विद्यार्थी आहेत. प्रत्येकाच्या घराजवळ एखादी विहीर आहे आणि प्रत्येकाजवळ वही आहे. भूगोल विभागाने मनावर घेतले तर वर्षभरात आपल्या जिल्ह्याच्या पाण्याची एक चांगली नोंद उभी राहील, आणि कला शाखेचे विद्यार्थी काय करतात, या प्रश्नालाही उत्तर मिळेल. ज्यांना यात भाग घ्यायचा असेल त्यांनी मला किंवा भूगोलाच्या सरांना जरूर भेटावे.

हा लेख लिहिताना वहीत नऊ नोंदी झाल्या आहेत. वरच्या अंगाच्या विहिरींत अजून तीन परसांवर पाणी आहे. खालच्या अंगाच्या दोन आटल्या, आणि आमच्या विहिरीच्या रकान्यात पहिल्यापासून शून्यच लिहिले आहे. तेही मी दर वेळी लिहिते.